सहा फुटी टँक आणि मलावीचे मासे: आखणीपासून मदत हवी

डोंगरपाऊल | ९ जानेवारी

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं घरात तीन फुटी टँक आहे. आधी गोल्डफिश, मग मोली-प्लॅटी. दिवाळीच्या सुट्टीत एका ओळखीच्यांकडे आफ्रिकन सिक्लिड कुळातल्या माशांचा मोठा टँक पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. निळे, पिवळे, पट्ट्यांचे मासे, दगडांच्या फटींतून आत-बाहेर सतत हालचाल. लेक नऊ वर्षांची आहे, ती तासभर काचेला नाक लावून उभी होती. घरी येताना तिने एकच विचारलं, "बाबा, आपल्याकडे समुद्रातले मासे कधी आणायचे?" हे समुद्रातले नाहीत, आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या तळ्यातले आहेत, हे तिला सांगताना मलाच नवल वाटत होतं.

आता हॉलमधली एक पूर्ण भिंत मोकळी करतोय. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. टँक ६ × २ × २ फूट, काच १२ एमएम, खाली लोखंडी स्टँड. माशांची यादी अशी काढली आहे: ऑराटस ४, केनी ४, यलो लॅब ६, पीकॉक ६, व्हेनुस्टस २, फ्रंटोसा ४, आणि दुकानदार म्हणाला तसे 'मिक्स आफ्रिकन' २०.

फिल्टर कोणता, पाण्याचं काय करायचं, यादी बरोबर आहे का, सगळंच विचारायचं आहे. घाई नाही. सहा महिने लागले तरी चालतील, पण नीट करायचं आहे.

जलचर | ९ जानेवारी

डोंगरपाऊल, मासे आणण्याआधी विचारलंत, फार बरं केलंत. इथे बहुतेक धागे 'मासे मरताहेत, काय करू' असे येतात.

यादी मात्र पुसून नव्याने लिहावी लागेल. कारणं सांगतो.

फ्रंटोसा टांगानिका तळ्यातला आहे, बाकी सगळे मलावीतले. तो फूटभर होतो, संथ असतो, खोल पाण्यात राहणारा. मलावीच्या चपळ माशांमध्ये त्याला धड खाताही येत नाही. व्हेनुस्टस दहा इंचांपर्यंत जातो आणि शिकारी आहे. तोंडात मावेल तो मासा गिळतो. ऑराटस आणि केनी दिसायला देखणे, पण मलावीतल्या सर्वांत भांडकुदळ माशांमध्ये गणले जातात. चार ऑराटसांत दोन नर निघाले तर वर्षभरात एकच उरतो, असं मी दोनदा पाहिलंय. आणि या सगळ्यांत तुमचे सहा पीकॉक कोपऱ्यात, हीटरच्या मागे उभे राहतील, पंख फाटलेले.

मलावीचे मासे ढोबळमानाने तीन गटांत धरतात. खडकांवर राहणारे ते मबुना. हा शब्द तिथल्या टोंगा कोळ्यांचा आहे. वाळू आणि खडक यांच्या सीमेवरचे शांत ते पीकॉक. आणि मोकळ्या पाण्यात पोहणारे, आकाराने मोठे ते हॅप. तुमच्या लेकीला आवडलेली लगबग मबुनांची आहे. तेव्हा मबुनाच ठेवा आणि फक्त मबुना ठेवा. सहा फुटांत तीन जाती, फार तर चार. प्रत्येक जातीचा मोठा कळप, एका नराला तीन-चार माद्या.

स्थापत्य_मंडळ | ९ जानेवारी

माशांच्या आधी तिसऱ्या मजल्याचं बोलू या.

हिशोब करा. २४ घनफूट म्हणजे ६८० लिटर. वरचे दोन-अडीच इंच रिकामे, दगडांनी अडवलेली जागा वजा, तरी पाणी ५७० किलोच्या आसपास. १२ एमएम काच चौरस मीटरला ३० किलो, तुमच्या टँकला ती साधारण १२० किलो. दगड ८०, वाळू ४०, स्टँड ६०. खाली संप, म्हणजे फिल्टरची टाकी, ठेवलात तर पाणी आणि काच मिळून आणखी १८०. एकूण एक टनाच्या पुढे, आणि ते सगळं १२ चौरस फुटांवर. म्हणजे चौरस मीटरला नऊशे किलोच्या वर.

राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चल भार (माणसं, सामान यांचं वजन) चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरलाय, म्हणजे साधारण २०० किलो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही. तो आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या वजनासाठी असतो, आणि वर सुरक्षेची मार्जिन असते. पण हे वजन वर्षानुवर्षं एकाच जागी बसून राहणार आहे. सोसायटीकडून आरसीसी नकाशा घ्या, इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवा, आणि ज्या भिंतीखाली बीम आहे तिला लांब बाजू लावूनच टँक ठेवा. बाल्कनी आत घेऊन हॉल वाढवला असेल तर त्या वाढवलेल्या भागात टँक ठेवूच नका. तो भाग बाहेर काढलेल्या स्लॅबवर असतो.

डोंगरपाऊल | १० जानेवारी

बाल्कनी आत घेतलेली आहे, आणि माझ्या मनात नेमकी तीच जागा होती! तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. आज सकाळीच सोसायटीच्या सेक्रेटरींना नकाशासाठी फोन केला.

जलचर, यादी फाडली. मबुना ठरलं. आता पाण्याचं सांगा. नळाचं पाणी मोजलं: पीएच ७.२, केएच (कार्बोनेट क्षारता) ३, टीडीएस (विरघळलेले क्षार) ८०. उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा काय येतं देव जाणे.

कालवण | १० जानेवारी

धरणाचं पाणी मऊ असतं, त्यामुळे केएच वाढवावा लागणार. दुकानात यासाठी 'कोरल चुरा' देतात. माझी कळकळीची विनंती, तो घेऊ नका. खडक बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या रांगेत. पिशवीतला चुरा कुठून आला हे दुकानदारही सांगू शकत नाही. पोल्ट्रीच्या खाद्याच्या दुकानात कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा मिळतो, तो धुऊन जाळीच्या पिशवीत भरून संपमध्ये ठेवा. तोही कॅल्शियम कार्बोनेटच. मी कोकणात राहतो, आमच्याकडे कालवांच्या शिंपल्यांचे ढीग पडलेले असतात. मी तेच वापरतो.

जलचर | १० जानेवारी

कालवण यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्याला एक जोड देतो. शिंपला काय किंवा चुनखडी काय, पाणी आम्लाकडे झुकलं की विरघळतात. पीएच आठच्या आसपास गेला की विरघळणं जवळपास थांबतं. म्हणून शिंपले तळाचा आधार म्हणून ठेवा, रोजचं काम खाण्याच्या सोड्यावर सोपवा. लिटरला ३० मिलिग्रॅम सोड्याने केएच एक अंशाने वाढतो. संप धरून तुमचं पाणी ७०० लिटर. ३ वरून ८ वर न्यायला सुमारे १०५ ग्रॅम सोडा लागेल. पहिल्यांदा भरताना घातलात की झालं. नंतर दर आठवड्याला २०० लिटर पाणी बदलाल तेव्हा नव्या पाण्यात ३० ग्रॅम. मासे आत असताना मात्र केएच एकदम वर न्यायचा नाही, दोन-तीन दिवसांत विभागून.

मलावीच्या पाण्याचा पीएच ७.७ ते ८.६ च्या दरम्यान असतो. पण ते टांगानिकाइतकं क्षारांनी भरलेलं नसतं. तेव्हा ८.६ गाठायच्या मागे लागू नका. ८ च्या आसपास कायम राहणारं पाणी रोज वर-खाली होणाऱ्या ८.५ पेक्षा कितीतरी चांगलं.

अजून एक. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. तुरटीने केएच उतरतो. जून ते सप्टेंबर दर वेळी मोजा. आणि क्लोरीन मारणारे हायपोचे खडे घरात संपू देऊ नका.

केवडा | ११ जानेवारी

दगडांचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे चार फुटी मबुना टँक सहा वर्षं आहे. आपला काळा पाषाण उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. पण मला सगळ्यांत उपयोगी पडले ते शहाबादी फरशीचे तुकडे. शहाबादी ही मुळात चुनखडीच, त्यामुळे या माशांना चालते. पातळ आणि सपाट असल्यामुळे एकावर एक रचून कपारी छान होतात. घराचं काम काढलेल्या शेजाऱ्यांकडून तुटके तुकडे फुकट मिळाले. कडा घासून बोथट करून घ्या. मासे घाबरून आत घुसतात तेव्हा अंग खरवडतं.

आणि हे लक्षात ठेवाच: दगड आधी, वाळू नंतर. तळाच्या काचेवर पातळ थर्माकोल, त्यावर मोठे दगड, मग त्यांच्याभोवती वाळू. हे मासे रात्रंदिवस वाळू उपसतात. दगड वाळूवर रचलेला असला की खालची वाळू निघून जाते आणि एक दिवस सगळा ढीग काचेवर येतो. माझ्या बहिणीच्या घरी पहाटे चार वाजता असाच आला. काच तडकली नाही, पण दगडाखाली तीन मासे गेले.

लेक_मलावी | १३ जानेवारी

हा धागा पाहून फार आनंद झाला. मी नोकरीनिमित्त मलावी देशाच्या राजधानीत, लिलाँग्वेत राहते, चार वर्षं झाली. तळ्यावर अनेकदा जाते, विशेषतः केप मॅक्लिअरला. तो भाग लेक मलावी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुम्ही जे मासे काचेत ठेवणार आहात ते मी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाहिलेत, म्हणून थोडं सांगते.

पहिल्यांदा मास्क लावून डोकं पाण्यात घातलं तेव्हा वाटलं, दगडांवर कुणी निळे मणी उधळलेत. मोठमोठे गोल दगड, घरांएवढे, एकमेकांवर रेललेले. त्यांच्यावर शेवाळाची मऊ साय असते. मासे ती साय खरवडत असतात. एक मासा दगडाला काटकोनात तोंड लावतो, टोचतो, एक पाऊल सरकतो, पुन्हा टोचतो. दुसरा आडवा होऊन, अंग दगडाला जवळजवळ चिकटवून ओरबाडतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. प्रत्येक निळ्या नराची एक कपार ठरलेली असते. दुसरा नर हातभर जवळ आला की हा सुटतो. पण तो दुसरा पळून जातो, कारण पळायला अख्खं तळं आहे. तुमच्या टँकमध्ये पळायला सहा फूट. मला वाटतं मबुना पाळण्यातली सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

तळं सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे, खोली ७०० मीटरपर्यंत. किनाऱ्यावर मांडव घालून त्यावर उसिपा नावाचे बारीक मासे वाळवतात, वास पार रस्त्यापर्यंत येतो. आपल्या सुकटीची आठवण येते. चाम्बो हा इथला आवडता खाण्याचा मासा, तोही सिक्लिडच, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, न्सिमाबरोबर खातात. कुणी इकडे फिरायला येणार असाल तर पाण्यात उतरा, पण परतल्यावर बिलहार्झिया या परजीवी कृमींच्या आजाराची तपासणी करून घ्या. गोगलगायींमधून तो होतो. गोगलगायी खाणारे मासे जाळ्यांनी कमी केले, तसा आजार वाढला, असं इथल्या अभ्यासकांनी नोंदवलंय.

डोंगरपाऊल | १३ जानेवारी

तुमची पोस्ट लेकीला मोठ्याने वाचून दाखवली. तिने नकाशात लिलाँग्वे शोधलं आणि तळ्यावर पेन्सिलीने फुली मारली.

'पळायला सहा फूट' हे वाक्य मनात घर करून बसलंय.

वऱ्हाडीपाणी | १४ जानेवारी

फिल्टरवर माझं मत. ७०० लिटरला संपच करा. पंप असा घ्या की उंची चढून वर आल्यावरही तासाला चार हजार लिटर पाणी पडेल. ६० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला ४३ युनिट होतात, तेवढी तयारी ठेवा.

लाइट गेल्यावर काय होतं याची चाचणी पाणी भरल्याच्या पहिल्या दिवशी घ्या. पंप बंद पडला की वरचं पाणी परतीच्या नळीतून उलटं खाली येतं. तुमच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ११ लिटर. नळीचं तोंड दहा सेंटिमीटर बुडालेलं असेल तर शंभर-सव्वाशे लिटर खाली येणार, आणि संपमध्ये तेवढी जागा नसेल तर ते खालच्या मजल्यावर जाणार. नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि धार तुटते. त्या भोकात शेवाळ साचतं, दर महिन्याला टाचणीने साफ करा.

आणि उन्हाळा. आमच्या नागपुरात मे महिन्यात पाणी ३३ वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, हे मासे आधीच दाटीत असतात. पृष्ठभागावर छोटे पंखे सोडले तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पाणी आटतं तेवढं रोज साधं पाणी घालायचं. त्यात सोडा घालायचा नाही, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात.

केवडा | १४ जानेवारी

खाण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या वर्षी मासे मंद वाढताहेत असं वाटून मी त्यांना गोठवलेले ब्लडवर्म आणि उकडलेलं चिकन लिव्हर द्यायला लागले. मासे तुटून पडायचे, मला वाटायचं केवढे खूश आहेत. तीन आठवड्यांनी एक मादी खायची थांबली. ती खाणं तोंडात घ्यायची आणि थुंकायची. मग पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा. मग पोट फुगलं. महिन्याभरात अकरा मासे गेले. याला मलावी ब्लोट म्हणतात हे मला नंतर कळलं. शेवाळ खाणाऱ्या माशांचं आतडं लांब असतं. चरबी आणि प्रथिनं जास्त झाली, त्यात मारामारीचा ताण आला, की आतले सूक्ष्मजीव उसळतात. लवकर, म्हणजे मासा अजून थोडं खातोय तोवर पकडलं तर मेट्रोनिडाझोल या औषधाने वाचतो. पोट फुगल्यावर माझा एकही वाचला नाही.

तेव्हापासून स्पिरुलिनाचे (निळ्या-हिरव्या शेवाळाचे) दाणे, दिवसातून दोनदा, अर्ध्या मिनिटात संपतील एवढेच. आठवड्यातून एकदा उकडलेला वाटाणा सोलून किंवा पालक. एक दिवस उपास. पाहुणे येतात तेव्हा मुलं 'मासे उपाशी आहेत' म्हणून मुठीने घालतात, त्यामुळे डबा मी कपाटात ठेवते.

डोंगरपाऊल | २ फेब्रुवारी

कामाची प्रगती. इंजिनिअर येऊन गेले. हॉलच्या आतल्या भिंतीखाली बीम आहे, जागा तीच ठरली. सोफा हलवावा लागला, बायकोने हरकत घेतली नाही, उलट भिंतीला रंगही तिनेच निवडला. स्टँड दीड इंची चौकोनी पाइपचा, फॅब्रिकेटरने अकरा दिवस लावले.

माशांच्या जाती: यलो लॅब १२, साउलोसी १२, रस्टी ८, एसेई १०. चालेल?

जलचर | २ फेब्रुवारी

रस्टी आणि एसेई उत्तम निवड. रस्टी मबुनांत सर्वांत समजूतदार. एसेई थव्याने मोकळ्या पाण्यात वरच्या भागात पोहतो, त्यामुळे टँकचा वरचा अर्धा भाग रिकामा दिसत नाही. पण तो पाच-सहा इंच होतो, दहाच ठेवा.

यलो लॅब आणि साउलोसी मात्र एकत्र नकोत. साउलोसीच्या माद्या पिवळ्या असतात, लॅबही पिवळा. नर गोंधळतात, संकर होतो. एक निवडा.

माझं मत साउलोसी. एकाच जातीत दोन्ही रंग मिळतात: माद्या पिवळ्याजर्द, मोठा झालेला नर निळा आणि काळ्या पट्ट्यांचा. पिल्लं सगळी पिवळीच असतात, त्यातून नर हळूहळू निळे होत जातात. लेकीला ते रोज पाहायला मिळेल. तळ्यात हा मासा चिझुमुलू बेटाजवळ ताइवान रीफ नावाच्या एकाच जागी सापडतो, आणि शौकिनांसाठी पकडून पकडून तिथे फार कमी उरलाय. म्हणून टँकमध्ये जन्मलेलाच घ्या, जातिवंत घ्या आणि त्याचा वंश शुद्ध ठेवा.

केवडा | ३ फेब्रुवारी

जलचर यांना अनुमोदन, आणि 'मिक्स आफ्रिकन' पिशवीबद्दल माझेही दोन शब्द. त्यात बहुतेक संकरित पिल्लं असतात. कुणाची, ते कुणालाच माहीत नसतं. मोठी होऊन कशी निघतील, किती भांडतील, काही सांगता येत नाही. दुसरं, एक-दीड इंचाचं पीकॉकचं पिल्लू पूर्ण निळंशार दिसत असेल तर सावध व्हा. त्या वयात रंग येत नाही. हार्मोन घातलेलं खाद्य देऊन आणतात. घरी आणल्यावर दोन महिन्यांत उतरतो, आणि त्यातल्या माद्या पुढे प्रजोत्पादनाला निरुपयोगी ठरू शकतात. पिल्लं फिकी, करडी, साधी दिसत असतील तर तो विक्रेता प्रामाणिक आहे.

वऱ्हाडीपाणी | ३ फेब्रुवारी

आई-बाप मासे दाखवणारा ब्रीडर शोधा. तेवढी एक अट पाळलीत तरी निम्मं काम झालं.

डोंगरपाऊल | २२ मार्च

टँक १ फेब्रुवारीला येणार होता, १९ ला आला. चौघांनी जिन्यातून चढवला. पाणी भरून तीन दिवस गळती पाहिली. लाइट घालवून चाचणी घेतली, संपला अजून १२ लिटरची जागा उरली. भोक पाडलंय.

मासे न ठेवता सायकल केली, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवले. अमोनियासाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर आणला, ७०० लिटरला साडेचार ग्रॅम म्हणजे अमोनिया २ पीपीएम. पहिले बारा दिवस आकडा हललाच नाही. मग अमोनिया उतरायला लागला आणि नायट्राइट वर गेलं, ते तीन दिवसांपूर्वी शून्यावर आलं. आता रात्री घातलेला नवसागर सकाळी दहापर्यंत संपतो. मध्ये केएच ८ वरून ५ वर आला होता, ते का?

जलचर | २२ मार्च

जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना क्षारता खातात. म्हणूनच केएच उतरला. मासे आल्यावरही हे चालूच राहणार, मोजणं सोडू नका.

आणि सायकल पूर्ण होण्याची वाट पाहिलीत याबद्दल मनापासून अभिनंदन. पीएच ८.२ ला विषारी अमोनियाचं प्रमाण पीएच ७ च्या तुलनेत चौदा-पंधरा पट असतं. गोल्डफिशच्या टँकमध्ये जे आकडे खपून जातात ते इथे जीव घेतात.

मासे आणाल तेव्हा सगळे थोड्या अंतराने, पण लहानपणीच आणा. रस्टी पहिले, साउलोसी शेवटी. आधी आलेला जागा बळकावतो, म्हणून शांत स्वभावाच्यांना आधी येऊ द्या. आणि प्रत्येक खेप जुन्या तीन फुटीत दोन-तीन आठवडे वेगळी ठेवून मगच मोठ्या टँकमध्ये सोडा.

डोंगरपाऊल | १८ मे

बत्तीस मासे आहेत: रस्टी ८, एसेई १०, साउलोसी १४. साउलोसीची पिल्लं चार तास गाडीने जाऊन एका ब्रीडरकडून आणली. त्यांनी आई-बाप दाखवले, बिलावर जात आणि वय लिहून दिलं. पाणी ३० च्या वर गेलं, दोन पंखे लावले, २८ वर स्थिर आहे.

एक प्रश्न. एक एसेई सतत मार खातोय, शेपूट फाटली आहे. काय करू?

लेक_मलावी | १८ मे

त्याला पळायला जागा द्या. मोठ्या दगडांची रचना बदलून मधोमध आडोसा करा, म्हणजे एका टोकाचा दुसऱ्या टोकाच्याला दिसणार नाही. इथे पाण्यात पाहिलंय, दगडाच्या पलीकडे गेलेल्या माशाचा नर पाठलाग करत नाही.

वऱ्हाडीपाणी | १९ मे

आणि तोवर त्याला जुन्या तीन फुटीत हलवा. शेपूट आठ-दहा दिवसांत भरून येते. पण टँक कधी कुणाला नकोसा झाला तर नदी-नाल्यात मासे सोडू नका, हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतो. उजनीचा चिलापी रोज बाजारात दिसतो, तोही आफ्रिकेतलाच सिक्लिड. मोझांबिक तिलापिया आपल्या देशात १९५२ मध्ये आणला, आता तो धरणा-धरणांत आहे.

कालवण | १९ मे

सहमत. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच, आणि त्यातला एक, गोव्याकडचा कालुंदर, आमच्या खाडीत आहे. त्याच्या घरात परके पाहुणे घुसवू नका.

डोंगरपाऊल | ११ ऑक्टोबर

मंडळी, आजची गोष्ट सविस्तर लिहितो.

जुलैमध्ये साउलोसीच्या चौदांपैकी एकाच्या पिवळ्या अंगावर काजळाच्या बोटासारखे धूसर पट्टे उमटले. लेकीने ते आधी पाहिलं. दोन आठवड्यांत त्याचा पिवळा रंग आधी शेवाळी, मग राखी झाला, आणि ऑगस्टच्या शेवटी शहाबादीच्या डाव्या कपारीत एक निळा नर राहत होता. आणखी दोन अर्धवट निळे आहेत, ते त्याच्यासमोर पट्टे फिके करतात.

गेल्या रविवारी तो कपारीसमोरच्या वाळूत खळगा करत होता. तोंड भरून वाळू घ्यायचा, चार इंचांवर जाऊन टाकायचा, परत. एक मादी आली. दोघं एकमेकांच्या शेपटीशी तोंड लावून गोल फिरायला लागले. तिने एक अंडं टाकलं, बाजरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठं, केशरी, आणि ते तळाला टेकायच्या आत वळून तोंडात घेतलं. मग त्याच्या मागच्या पंखावरच्या पिवळ्या ठिपक्यांना टोचायला लागली. लेक म्हणाली, "तिला तीपण अंडी वाटतात." मी तोवर हे फक्त वाचलं होतं.

आज सातवा दिवस. मादी खात नाही. दाणे जवळून गेले तरी पाहते आणि तोंड मिटून ठेवते. हनुवटी खाली फुगली आहे, आणि मधूनमधून जबडा असा हलवते जणू काही चघळतेय. तिला वेगळं काढू का?

केवडा | ११ ऑक्टोबर

वाचून अंगावर काटा आला. अभिनंदन, आणि लेकीचं विशेष.

आता हलवू नका. सुरुवातीच्या दिवसांत जाळीने धरलं तर घाबरून अंडी थुंकते किंवा गिळते. २७-२८ अंशांना मादी साधारण तीन आठवडे अंडी-पिल्लं तोंडात धरते. अठराव्या दिवशी, रात्री लाइट बंद करून, जाळीऐवजी मोठ्या वाटीने पाण्यासकट उचला आणि जुन्या तीन फुटीत ठेवा. तिथे दगड आणि स्पंज फिल्टर हवा. पिल्लं सोडल्यावर तिला दोन-तीन दिवस एकटीला खायला द्या, फार रोडावलेली असते. त्यानंतरच मोठ्या टँकमध्ये.

जलचर | ११ ऑक्टोबर

तीन फुटीचं पाणी मोठ्या टँकमधूनच घ्या, म्हणजे पीएच आणि केएच सारखे राहतील. पिल्लांना स्पिरुलिनाचे दाणे खलबत्त्यात वस्त्रगाळ करून, दिवसातून चार वेळा, चिमटीच्या टोकाएवढे.

डोंगरपाऊल | २७ ऑक्टोबर

वाटीने उचलली. बायकोने टॉर्च धरला, मी वाटी. चार दिवस दगडामागे होती. आज सकाळी शाळेच्या आधी लेक ओरडत आली. मादी तोंड खाली करून उभी होती आणि तिच्यापुढे एकोणीस पिल्लं, प्रत्येक तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा लांब, पिवळी. आम्ही काचेजवळ गेलो तशी तिने तोंड उघडलं आणि बरीचशी परत आत गेली. दोन मागे राहिली होती, त्यांना शोधत ती दगडाच्या कडेला गेली आणि त्यांनाही घेऊन आली.

लेकीला आज शाळेला पंधरा मिनिटं उशीर झाला. डायरीत कारण लिहून दिलंय.